दुपारी चढणारा ताप

आमच्या मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात उन्हाळा लागला की एका वॉर्डाच्या खिडक्यांना पाण्याने भिजवायच्या वाळ्याच्या ताट्या लागत, बर्फाच्या लाद्या येत आणि दारावर उष्माघात कक्षाची पाटी चढे. सत्तरच्या दशकातल्या अशाच एका मे महिन्यात मी तिथे निवासी डॉक्टर होते. आमचे प्राध्यापक त्या उन्हातही टाय बांधत. राउंडला त्यांच्या मागे एवढे लोक असत, की रोग्याला वाटे, आपण एक तर फार मोठे आहोत किंवा फार थोडे उरलो आहोत.

लू लागलेल्याचा ताप बर्फाने लवकर उतरतो की ओली चादर आणि पंख्याने, असा त्यांचा अभ्यास चालू होता. थर्मामीटर लावून वहीत आकडे लिहिणे माझ्याकडे. त्या आकड्यांतून एक अजब गोष्ट निघाली. सकाळी उतरलेला ताप भर दुपारी पुन्हा एकशे सहावर जाई आणि संध्याकाळी आपोआप खाली येई. पुस्तकांत असे काही नव्हते. सरांनी त्याला भारदस्त इंग्रजी नाव दिले, मेंदूतल्या एका केंद्राशी त्याचे नाते जुळवले आणि दिल्लीच्या परिषदेने निबंध स्वीकारला. आमच्या विभागाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. वाचन पुढच्या सोमवारी होते.

त्याआधीच्या गुरुवारी दुपारी इतवारी बाजारातला एक हातठेलेवाला मला भेटला तो असा: चार दिवसांपूर्वी बेशुद्ध आलेला, आता भाकर मागणारा, आणि वहीत मात्र ताप एकशे सहा. नियमाप्रमाणे काखेत बर्फ.

"मले थंडी वाजून राहिली बाई, अन् तुमी बरफ काहून लावून राहिले? मासोळी हाओ का मी?"

"चूप राह्य गा," वॉर्डातली आया म्हणाली. तिला सगळे मावशीच म्हणत. मग ती माझ्याकडे वळली. "बाई, याच्या कपाळाले हात लावून पाहा. माह्याहून थंडा हाय. ताप त्या काचेलेच आला असन."

खिडकीजवळच्या ट्रेमधला थर्मामीटर मी उचलला. कोणालाही न लावता पारा एकशे सहावर. झटकला, उतरला, बघता बघता पुन्हा चढला; आणि चढलेला पारा झटकल्याशिवाय उतरत नाही, मग तो कोणाच्याही तोंडात ठेवा. दुपारी नळ जात, ताट्या वाळत आणि वॉर्डातली हवा माणसांपेक्षा गरम होई. आम्ही इतके दिवस त्या हवेचा ताप मोजत होतो.

राउंड आला तेव्हा मी हे सांगितले.

"कोणी काढलं हे?" सरांनी विचारले.

"मावशींनी."

मागे कोणीतरी हसले. सरांनी थर्मामीटर झटकला आणि स्वतःच्या जिभेखाली ठेवला. सर दोन मिनिटे बोलले नाहीत, हीसुद्धा त्या वॉर्डातली नवीनच घटना होती. मग त्यांनी तो उजेडात धरला. एकशे सहा.

"सायबाले बी बरफ लावा ना," खाटेवरून आवाज आला.

सरांनी आधी त्याचा बर्फ काढायला सांगितला. मग वही मागितली आणि तिथेच उभे राहून दुपारच्या सगळ्या आकड्यांवर लाल रेघ ओढली. त्यांचे सहायक हळूच म्हणाले, "सर, सोमवारी वाचून टाका. दुरुस्ती मागाहून पाठवू."

"काय वाचू? खिडकीचा ताप?"

संध्याकाळी दिल्लीला तार गेली: निबंध मागे घेत आहोत. विभागात काही दिवस सगळे मान खाली घालून फिरत होते. मला मात्र, का कोण जाणे, ताठ चालावेसे वाटत होते.

पुढच्या मेमध्ये सगळे पहिल्यापासून केले. मावशींच्या सांगण्यावरून थर्मामीटर माठातल्या पाण्याच्या पेल्यात उभे राहू लागले, आणि दुपारचा ताप नाहीसा झाला. ओली चादर आणि पंखा बर्फाच्या बरोबरीने काम करतात, एवढेच शेवटी हाती लागले. जिथे बर्फ पोचत नाही त्या गावांसाठी ते पुष्कळ होते. लेख जेमतेम दोन पानांचा. आभारांत पहिले नाव मावशींचे होते. मासिकाने त्यांची पदवी विचारली. सरांनी तो रकाना रिकामा ठेवून कागद परत पाठवला, आणि नाव तसेच छापून आले.