आनेकेचा पांढरा गोटा

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी घरापुढच्या खळ्यात आमसुलं वाळत घालत होते. "वहिनी, आनेके गेली," एवढंच ते म्हणाले. मला खरं वाटेना. सकाळी तर तिने इस्पितळात माझ्या हातची पेज घेतली होती, वर लोणचं मागितलं होतं. डॉक्टर काहीतरी लपवतायत, असं मनात आलंच. पुढे कागद नीट वाचून घेतले. हृदयच थकलं होतं तिचं. पण पटकन विश्वास ठेवणं माझ्या स्वभावात नाही... आणि हे आनेकेइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

आनेके माझी धाकटी जाऊ, हॉलंडची. दीर जहाजावर इंजिनिअर. तिकडच्या बंदरात त्यांचं जमलं. निवृत्त झाल्यावर दोघं शिरगावच्या घरी कायमची राहायला आली, तेव्हा माझे यजमान जाऊन वर्षही व्हायचं होतं. घर, बाग, पुढचं खळं, सगळं दोघा भावांचं सामाईक, वाटण्या झालेल्या नाहीत. अशा वेळी तिकडचं सुख सोडून कोणी रत्नागिरीत कशाला येईल? माझा निम्मा वाटा जाईल आणि मी मागच्या पडवीत जाईन, हे भय माझ्या उशाशीच होतं. भाऊजी सांगत, ही उंच उडीतली नावाजलेली खेळाडू, देशाकडून खेळलेली. मी मान डोलवायची. घरात ना एक पदक, ना एक फोटो. विचारलं तर म्हणे, बहिणीच्या माळ्यावर आहेत. आता माळा हॉलंडात, बघायला जाणार कोण.

आल्यावर थोड्याच दिवसांत एका सकाळी खिडकीतून बघते तर ही खळ्यात टाचेला अंगठा भिडवत पाऊल पाऊल चाललेली. पायात तिच्या त्या होडीएवढ्या सँडल, ओठांत तिच्या भाषेतले आकडे. कपड्यांच्या दोरीपासून सुरुवात, मग कोयतीसारखा बाक घेत थेट माझ्या बाजूच्या माडापर्यंत. तिथे तिने एक पांढरा गोटा ठेवला. आमच्याकडे खळ्यात कोणी असं चालू लागलं की त्याचा अर्थ वाटणी, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी बाहेर आले.

"काय करत्येस गो?"

"मोजत्ये," ती म्हणाली. मराठी माझ्याकडूनच शिकत होती, त्यामुळे हेलही माझाच.

कशासाठी, ते विचारायची मला गरजच वाटली नाही. रोज सकाळी तेच... मोजायची, गोटा तपासायची, मग तिथून दोरीपर्यंत बाक घेत धावायची आणि दोरीखाली थांबायची. ते धावणं मला निव्वळ देखावा वाटे. खिडकीआड उभी राहून मीही तिची पावलं मोजायची. उद्या तलाठ्यापुढे बोलायची वेळ आली तर आपल्याकडे आकडा हवा. आणि एका दुपारी सगळी निजलेली असताना मी तो गोटा हातभर तिच्या बाजूला, दोरीकडे सरकवला. बांध सरकवणाऱ्यांच्या गावात नांदलेली बाई मी, दुसरं काय करणार. आजही त्यात मला काही गैर वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी ती मोजल्याशिवायच धावली. पाय दोरीच्या पलीकडे पडला आणि माझं ओलं पातळ तिच्या तोंडावर बसलं. ते बाजूला करून ती माझ्याकडे बघत राहिली.

"वहिनी, खूण हललीय."

"कुत्रं आलं असेल गो."

मग पायरीवर बसून तिने पहिल्यांदाच सगळं सांगितलं. धाव कुठून घ्यायची याची खूण उंच उडीत प्रत्येकीची स्वतःची असते, आपल्या पावलांनी मोजून लावलेली. देशोदेशीच्या मुली आलेली मोठी स्पर्धा, अंतिम फेरी. सरावात सहज ओलांडायची त्याच उंचीला तिन्ही वेळा दांडी पडली. नंतर बघितलं तर खूण सरकलेली. आसपास फिरकली होती ती फक्त तिच्या खोलीत राहणारी मैत्रीण... "नंतर पण खूप देशांत उडले, वहिनी. पण मोजायचं, परत मोजायचं. मजा गेली."

"तिला विचारलं नाहीस?"

"नाही. हो म्हणाली असती तर मैत्रीण गेली असती. नाही म्हणाली असती तर मला खरं वाटलं नसतं." सँडलचा पट्टा आवळत ती म्हणाली, "तुम्हाला पण नाही विचारत."

मला रडू आलं, ते मी तिला दिसू दिलं नाही. वाटणीचा विषय तिने त्यानंतरही कधी काढला नाही. एवढी गप्प आहे म्हणजे मनात काहीतरी असणार, म्हणून मी वाट बघत राहिले. वर्षं गेली. संशय गेला असं म्हणणार नाही, पण खिडकीआड उभी राहायचे ती पायरीवर दोघींचा चहा घेऊन बसू लागले.

तिच्या दिवसकार्याला खळ्यात मांडव घातला होता. परवा तो काढल्यावर बघते तर गोटा जागेवर नाही. मांडववाल्यांनी तो माडाच्या आळ्यात भिरकावला होता. "राहू दे वहिनी," भाऊजी म्हणाले, "आता कोण धावणार आहे?" आणि आत गेले.

गोटा मी धुऊन आणला. जागा डोळ्यांना सापडेना. आकडा मात्र मला पाठ होता, तिच्याच भाषेत, खिडकीआड उभं राहून केलेला. पडवीत तिच्या सँडल तशाच होत्या. त्या पायांत चढवल्या, दोरीखाली उभी राहिले आणि टाचेला अंगठा भिडवत, बाक घेत निघाले. भाऊजी दारात आले.

"वहिनी, काय करताय?"

"मोजत्ये," म्हटलं, आणि आकडा चुकू नये म्हणून पुढे बोलले नाही.