तिसरा दिवा

मुळशीच्या रस्त्याला अजून एसटी आली नव्हती. पौडहून दोनच खासगी मोटारी सवाऱ्या नेत, एक माझी आणि एक त्याची. त्याचं नाव मी मुद्दामच कधी विचारलं नाही.

त्याने मोटारीच्या दोन दिव्यांच्या मधोमध तिसरा बसवला होता आणि धुक्यासाठी तिन्ही काचांवर आतून पिवळा कागद चिकटवला होता. निघण्याआधी तो डोक्यावरची टोपी काढून त्या काचा पुसायचा, लेकराचं नाक पुसावं तशा. माझी मोटार रिकामी असली तरी बाया त्याच्यासाठी खोळंबून बसत. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा मी खवचटपणे विचारलं, "एवढा झगमगाट कशाला?"

"वाटंवर बसल्याल्यांस्नी लांबनं कळतंय. गाठोडी आवराया येळ मिळतो," तो म्हणाला.

मी पुण्याहून तसाच दिवा आणला, तसाच कागद लावला. पहिल्याच धुक्याच्या संध्याकाळी फाट्यावरच्या बाया माझे तीन दिवे पाहून लगबगीने उठल्या. एका म्हातारीने गाठोडं डोक्यावर घेतलं. मी ऐटीत मोटार थांबवली. तिने वाकून माझं तोंड पाहिलं आणि गाठोडं परत खाली ठेवलं.

"बसा गं," ती म्हणाली, "त्यो न्हाई ह्यो."