बंद लाइनीवरचा रस्ता

जतच्या शाखेशी जोडणारा राउटर मी दुपारी ऑफिसात लावत बसलो होतो. आधी सबनेट मास्क भरला. कुठले पत्ते घरातले आणि कुठले बाहेरचे, एवढंच तो यंत्राला सांगतो. मग बाहेरच्यांसाठी रस्ता हातानं लिहिला: जतला जायचं तर या मोडेमवरून.

लाइन बंदच होती. डायल-अपची लाइन कामापुरती जोडली जाते आणि बोलणं संपलं की तुटते. तरी यंत्राच्या मनात जतचा रस्ता तसाच होता. मी एक पिंग पाठवला. त्यात निरोप असा काही नसतोच, 'आहेस का?' इतकंच विचारणं असतं. तेवढ्यावर मोडेम जागा झाला, त्यानं नंबर फिरवला, किंचाळला, आणि जतहून उत्तर आलं. हे मी कितीदा पाहिलंय, पण त्या दुपारी अंगावर काटा आला.

जतलाच माझी ताई राहते. आईचं आजारपण तिनं एकटीनं काढलं. आई गेल्यावर मला तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटू लागली, आणि त्या लाजेपोटी मीच तिला बाहेरची करून टाकलं. फोन करायला काहीतरी कारण हवं, असं स्वतःला सांगत राहिलो.

मी टेबलावरचा फोन उचलला.

"कोण गेलं?" माझा आवाज ओळखताच ताईनं विचारलं.

"कुणी नाही गं. सहज केला."

"सहज? तू?" मग ती म्हणाली, "थांब, ठेवू नकोस. गॅस बंद करून येते."