टोला बांधाच्या कोणत्या बाजूला?

डॉ. गणोरकर सरांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझं क्षेत्रफळाचं उत्तर न वाचताच परत केलं तेव्हा. सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि लखनौच्या नकाशा-संशोधन केंद्रात मी नुकतीच रुजू झाले होते. सर म्हणाले, "छान. आता दुसऱ्या कोपऱ्यापासून सुरू करून हेच पुन्हा काढा." मला वाटलं, नवखी म्हणून परीक्षा घेताहेत. पण ती त्यांची रीतच होती. स्वतःचं उत्तरही ते असंच फिरवून पाहत आणि दोन्हीकडून जुळलं तरच सही करत.

पुढे एका पावसाळ्यात गोमतीचं पाणी चढू लागलं आणि बांधाच्या नदीकडच्या वस्त्या हलवायचं ठरलं. कुठली वस्ती कुठल्या बाजूला, हे आमच्या संगणकाने अक्षांश-रेखांशांवरून सांगायचं होतं. बांधावरचे दोन बिंदू आणि वस्तीचा एक, असा त्रिकोण करून सूत्राने क्षेत्रफळ काढायचं; बिंदूंच्या क्रमाप्रमाणे त्याला धन किंवा ऋण चिन्ह येतं. क्षेत्रफळ धन आलं तर वस्ती सुरक्षित, ऋण आलं तर नदीच्या तोंडी. आम्हाला चहा देणाऱ्या रामसेवक भैयांचा टोला, म्हणजे त्यांची छोटी वस्ती, सुरक्षित निघाला. सरांनी क्रम तोच ठेवून सुरुवातीचा कोपरा बदलायला लावला, आणि तोच टोला नदीकडे गेला.

संचालकांना घाई होती. "डॉक्टर साहब, मशीन ने बता दिया, टोला सेफ है. अब काग़ज़ जाने दीजिए."

"मशीन ने दोनों बातें बताई हैं, साहब. मैं किस पर दस्तख़त करूँ?" सर शांतपणे म्हणाले. मी बाहेर आले, तर रामसेवक भैया विचारत होते, "बिटिया, हमार टोला बची ना?"

दोष सरांनी ओळखला. यंत्र एका संख्येचे जेमतेम सात आकडे धरी. अक्षांश-रेखांशांचे मोठाले गुणाकार एकमेकांतून वजा केले, की टोल्याएवढं अंतर त्या सात आकड्यांबाहेर सांडून जाई. "हातगाडीसकट चिमूटभर जिरं तोलतोय आपण. आधी गाडी बाजूला करा," असं म्हणून त्यांनी टोल्याजवळचा मोजणीचा दगड शून्य धरला. प्रत्येक बिंदूतून त्या दगडाचे अक्षांश-रेखांश आम्ही हाताने वजा केले आणि यंत्राला आकडे भरवायची छिद्रांची कार्डं नव्याने पाडली. आता कुठल्याही कोपऱ्यापासून उत्तर एकच येत होतं. टोला नदीकडेच होता.

सरांनी सही केली. टोल्यातली माणसं उंचावरच्या शाळेत हलवली गेली. त्यानंतर सर जेवणाच्या डब्याला धड हात लावत नव्हते. मी म्हटलं, "सर, आता तर उत्तर बरोबर आहे." ते म्हणाले, "चुकलं तर बरं हो. माझी नाचक्की होईल, पण त्यांची घरं राहतील."

उत्तर चुकलं नाही. घरं गेली, माणसं सगळी राहिली.

त्या धामधुमीतही सर मला आलमबागच्या बसपर्यंत सोडायला येत आणि वाटेत माझ्या आईच्या दम्याची चौकशी करत. काळजी हा त्यांचा स्वभावच, आणि स्वभावाला औषध नाही.

आज सरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. रक्तदाबाची गोळी सुरू झाली आहे, तरी पाणी चढल्याची बातमी आली की सकाळी पहिला फोन त्यांचाच येतो. सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, हे तर आम्ही सगळे मागतोच. पण आता त्यांच्या वाटची काळजी आम्ही शिष्यांनी करावी, आणि पावसाळ्यात सरांना निदान शांत झोप लागावी.