सरकीतला पतंग

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हा मी नागपूरला एका कीटकसंग्रहालयात नोकरीला होतो. पतंग टाचायचे, चिठ्ठ्या लिहायच्या. अक्षर चांगलं होतं, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असाही माझा समज होता.

थोरला भाऊ वरवट बकालला शेती करायचा. एका उन्हाळ्यात बियाण्याच्या सरकीतून निघालेले बारीक करडे पतंग त्याने काडेपेटीतून पाठवले. आतली कीड मरावी म्हणून पेरण्याआधी सरकी उन्हात तापवावी का, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी ते आमच्या नमुन्यांशेजारी धरले आणि कार्ड टाकलं: हा कुजकं खाणारा पतंग, बोंडाला धक्का लावत नाही, तापवायची गरज नाही.

पावसाळ्यात संग्रहालयाच्या साहेबांनी दोन पेट्या पुढ्यात ठेवल्या. एकीत बोंडं पोखरणारा, दुसरीत हा कुजकं खाणारा. दोन्ही एकच तर नाहीत, अशी त्यांना शंका आली होती. पंख झिजले की असले पतंग सारखेच दिसतात, म्हणून नराच्या पोटाचं टोक कॉस्टिकच्या द्रावणात उकळून आतले, मादीला धरायचे चिमटे सूक्ष्मदर्शकाखाली जुळवायचे. जात वेगळी तर चिमटा वेगळा. तीन दिवस जुळवले, सगळे एकच निघाले, बोंडं पोखरणारे. काडेपेटीतल्या नराचाही तोच. दुसऱ्या पेटीवर नाव वेगळं होतं, जात वेगळी नव्हतीच. साहेब खूश झाले. मला दादाला टाकलेलं कार्ड आठवलं.

रजा काढून गावाकडे निघालो. खामगावपासून दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी हिरवीगार उभी होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

दादा वावरातच भेटला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "यंदा कोनीच सरकी तापवली नाही. तुह्यं कार्ड मी पारावर वाचून दाखोलं. अर्ध्या गावानं बियाणं माह्याजवळूनच नेलं."

त्याच्या शब्दावर गाव चालायचं. मी जवळचं एक फूल धरलं. पाकळ्या आतून जाळ्याने चिकटलेल्या. सोडवल्या, तर आत अळी. पुढच्या ओळीत तेच, त्याच्या पुढेही तेच.

"काय हाय बे थे?"

"दादा, मी चुकीचं लिहिलं होतं. हीच बोंडं खाते. बियाण्यातूनच आली."

त्याने ते फूल माझ्या हातून घेतलं. मला त्याची इतकी भीती कधी वाटली नव्हती. तेवढ्यात शेजारच्या वावराच्या धुऱ्यावरून एकाने मला पाहून हाक दिली, "आले काय सायब? आमच्या वावरातबी चाला. फुलं उमलूनच नाही राह्यले."

मी पाऊल उचललं. दादाने माझा दंड धरला.

"तू थांब इथंच. वाचून मी दाखोलं होतं, आता चुकलं हेबी मीच सांगतो."