तुमचा वार कोणता धरू?

शिवकन्या कुणाच्याही दारात गेली की आधी चपला काढायची, ओढणी कमरेला खोचायची आणि म्हणायची, “मी मागायला न्हाई आले, सांगायला आले.” घरातला माणूस घाबरून उठायचा. काय झालं, कुणाचं काय बरंवाईट झालं, म्हणून विचारायचा. तोवर तिचा पुढचा प्रश्न आलेला असायचा, “तुमचा वार कोणता धरू?” देता का, जमेल का, असलं काही ती विचारतच नसे. आमच्या वालूरमध्ये भल्याभल्यांना या सतरा वर्षांच्या पोरीने असं दारातच पकडलं. त्यात मीही सापडले.

माझी पिठाची गिरणी आहे. हे गेल्यापासून मीच चालवते. गिरणीच्या आवाजात हळू बोललेलं कुणाला ऐकू येत नाही, त्यामुळे माझं साधं बोलणंही भांडणासारखं वाटतं असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. एका संध्याकाळी ही पोरगी ज्वारीचा डबा घेऊन आली. अकरावीत होती, रोज एसटीने सेलूला कॉलेजला जायची. अंगाने काडी, आवाज मात्र माझ्या तोडीचा. ओट्यावर पाचसहा बायका दळणासाठी थांबलेल्या. सगळ्यांच्या देखत तिने मला विचारलं, “मावशी, परतेक दळणामागं मूठभर पीठ गिरणीत राहतं. ते कुणाचं?”

बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गिरणीवालीला चोर म्हणण्याचा हा प्रकार मी जन्मभर ऐकत आले आहे. म्हटलं, “काय गं, चोरीचा आळ घ्यायलीस का माझ्यावर?”

“न्हाई मावशी. पण ते तुमचंबी न्हाई अन् दळणवाल्याचंबी न्हाई. मग लेकरायचं धरू का?”

“धर, धर!” बायकाच ओरडल्या. मी काय बोलणार? दुसऱ्या दिवशी गिरणीच्या तोंडाशी झाकणाचा एक डबा येऊन बसला आणि दळण घेऊन जाणारी प्रत्येक बाई त्यात मूठभर पीठ टाकायला लागली. टाकताना माझ्याकडे बघून गालात हसायची, ते वेगळं.

ही लेकरं म्हणजे ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची. दिवाळी झाली की तिथली माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यातच परत येतात. लेकरंही गाडीत बसतात. शाळेत नाव राहतं, लेकरू उसाच्या फडावर. परत येईपर्यंत शिकलेली अक्षरं पुसून गेलेली असतात. काही घरांत म्हातारी माणसं मागे राहतात, पण त्यांचंच कसंबसं चालतं, ती नातवंडांना कुठून करून घालणार? दुपारची खिचडी शाळेत मिळते. रात्रीचं काय, इथे सगळं अडायचं. शिवकन्याने हे अडलेलं नेमकं हेरलं. तिचे आजोबा लहानपणी मानवतला वार लावून शिकले होते. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असं करत आठवडा काढायचा. ती गोष्ट आम्ही सगळ्यांनीच आपापल्या घरी कधीतरी ऐकलेली. आता असं कोण करतं, म्हणून सोडून दिलेली. हिने ती उचलली आणि गावभर फिरली. ज्या घरी पीठ कमी पडेल, त्या घरी माझ्याकडच्या डब्यातलं जायचं.

तिच्या अटी होत्या बरं का! “शिळं न्हाई चालायचं. दारात न्हाई वाढायचं. तुमच्या लेकरायच्या पंगतीत बसवायचं.” एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी तो गृहस्थ म्हणाला, “बघतो, विचार करून सांगतो.” ही तिथेच बसून राहिली. म्हणाली, “लय इचार करू नका काका, भाकरी गार होती.” आतून त्याची बायको हसली आणि तिनेच बुधवार देऊन टाकला.

रविवारी ती आणि तिच्या वर्गातल्या मुली कापूस वेचायला जात. ती मजुरी घरी न नेता लेकरांच्या स्वेटर-चपलांना लावत. तिची आई माझ्याजवळ कुरकुरायची, “मपल्या घरचं वेचायला हिला सवड न्हाई बगा.” पण बोलताना चेहरा खुललेला असायचा. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

संध्याकाळची शिकवणी माझ्या ओट्यावर भरायची. का, तर माझ्याकडे इन्व्हर्टरचा दिवा. आत गिरणी चालू, बाहेर लेकरांचं वाचन चालू. शिवकन्या म्हणायची, “मला ऐकू आलं न्हाई, पुन्यांदा वाच.” बिचारी लेकरं गिरणीवर आवाज चढवून वाचायची. महिनाभरात शाळेतले गुरुजी तक्रार घेऊन आले. वस्तीवरची पोरं वर्गात धडा वाचायला उठली की शेजारचे दोन वर्ग बंद पडतात म्हणे! मी एवढी हसले की डोळ्यांतलं पीठ धुवायला जावं लागलं.

त्यातली एक काजल. तिसरीत होती. एरवी तोंडातून शब्द निघायचा नाही, पण पुस्तक हातात आलं की गिरणी फिकी पडावी असं वाचायची. तिचा बाप, दत्ता, तिला मागे ठेवायला तयारच नव्हता. शिवकन्या त्याच्या दारात किती वेळा गेली असेल कोण जाणे. शेवटी तो म्हणाला, “ठेवतो. पण माझी लेक एक रात जरी उपाशी झोपली, तर मी येऊन घेऊन जाईन. मग मला आडवायचं न्हाई.” शिवकन्या म्हणाली, “जिम्मा मपला.”

आणि तिचीच चूक झाली.

काजलचा सोमवार तिने किराणा दुकानवाल्या आप्पांकडे धरला होता. गावात एवढं चांगलं घर दुसरं नाही. पण आप्पांकडे पिढ्यान्‌पिढ्या महादेवाचा सोमवार. दिवसभर उपास, दिवेलागणीनंतर पूजा सुरू होते, ती सावकाश चालते आणि मग कुठे चूल पेटते. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक, शिवकन्यालाही ठाऊक. पण वार धरण्याच्या भरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. काजल दिवेलागणीला जायची, पूजेपुढे हात जोडून बसायची. दुसऱ्या घरी जेवलेली वस्तीवरची पोरं परत निघाली की बाहेरून हाक मारायची. अंधारात ओढा एकटीने ओलांडायची भीती. मग ही गपचूप उठायची आणि त्यांच्याबरोबर निघून जायची. घरी आजीला ‘जेवले’ म्हणून सांगायची आणि पाणी पिऊन झोपायची. काही सोमवार असेच गेले. शेवटी आजीला संशय आला आणि तिने फोनवर लेकाला सांगितलं.

दत्ता दुसऱ्या दिवशी दुपारीच आला. कारखान्याच्या तळावरून रात्रभर प्रवास करून आलेला, डोळे तांबारलेले. माझ्या ओट्यावर येऊन बसला. मी चहा दिला, तो घेतला नाही. म्हणाला, “ती पोरगी कवा येती?” संध्याकाळच्या गाडीने शिवकन्या सेलूहून आली, तोवर शिकवणीची लेकरंही जमली होती. बापाला बघून काजल धावली, पण त्याचा चेहरा बघून मधेच थबकली.

“मायबापाजवळ अर्धी भाकर खाल्ली असती माझ्या लेकीनं,” दत्ता म्हणाला, “पण उपाशी न्हाई झोपली असती. तू जिम्मा घेतला होता ना?”

शिवकन्याला काहीच कळेना. तिने काजलला जवळ घेतलं, विचारलं. काजल खाली मान घालून म्हणाली, “सोमवारी लय उशीर व्हतो ताई. पोरं निघून जात्यात.”

“अगं मग मला सांगितलं कामून न्हाई?”

“सांगितलं तर वार मोडंल. वार मोडला की मला फडावर नेतील.”

मी गिरणी बंद केली. एवढ्या सगळ्यांच्या तोंडात बोळा कोंबणारी ही पोरगी ओट्यावर मटकन बसली आणि ढसाढसा रडली. मलाही राहवेना. तेवढ्यातच तिने ओढणीने तोंड पुसलं आणि उठली.

“चूक मपली हाय, दत्ताभाऊ. मी वार धरला, वेळ न्हाई धरली. लेक तुमची हाय, न्यायची तर न्या. आडवणार न्हाई म्हणून बोलले होते, न्हाईच आडवणार. पण आज सोमवारच हाय. एकदा आप्पांच्या घरी माझ्यासंग चला, मग काय ते ठरवा.”

दळण पडलेलं तसंच टाकून मीही निघाले. असं मी कधी करत नाही. आप्पांच्या घरी काकू पूजेचं ताट लावत होत्या. शिवकन्याने दारातच सगळं सांगून टाकलं, आपली चूक आधी. काकूंच्या हातातलं निरांजन हातातच राहिलं. “अगं बाई! मी पूजेवरून उठून ताट वाढायची, अन् पोर गायब! मला वाटायचं, घरी आजीनं केलं असंल कायतरी. बाई, बाई, बाई! माझ्या दारातून लेकरू उपाशी गेलं गं!”

“काकू, वार बदलू का? दुसऱ्या घरी बघते,” शिवकन्या म्हणाली.

काकू अशा काही वळल्या की मीच दचकले. “वार बदलायचा न्हाई! सोमवार माझाच. वेळ बदलते मी.” त्यांनी आप्पांकडे बघितलं. कपाळाला भस्म लावून आप्पा पाटावर बसायच्या बेतात होते. ते म्हणाले, “महादेव कुठं पळून चाललाय? आधी लेकराचं बघ.” सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, अशा काकूंनी पीठ मळलं आणि भाकरी थापायला घेतली. काजल पाटावर बसली. दत्ता ओसरीच्या टोकाला उभा होता. काकू म्हणाल्या, “तुमीबी बसा. वाढलंय तुमचं.” तो अवघडून बसला. दोन घास खाल्ले, मग नुसताच लेकीकडे बघत राहिला. ती घाईघाईने खात होती.

“सावकाश खा,” तो तिला म्हणाला. मग ताटाकडे बघत हळूच बोलला, “मी सकाळच्या गाडीनं जातो. एकटाच.”

शिवकन्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने डोळे मिटून घेतले. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. कुणाच्या पाठीवरून हात फिरवण्यातली मी नव्हे, पण फिरवला खरा.

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा घरोघर. “वार धरला की वेळबी धरायची, तुमची किती वाजता?” कुणाकडे एकादशी, कुणाकडे गुरुवार, कुणाच्या घरातली माणसं शेतातून उशिरा येणारी. सगळं तिने विचारून घेतलं. त्या वर्षी वस्तीवरची काजल उन्हाळ्यापर्यंत शाळेत टिकली. परीक्षेला तोंडी वाचन झालं तेव्हा म्हणे रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत होती. पुढच्या दिवाळीला दत्ताने शिवकन्याची वाट बघितली नाही. जाण्याआधी स्वतःच माझ्या गिरणीत येऊन म्हणाला, “मावशी, ताईला सांगा, काजलचे वार धरून ठेव म्हणावं.”

बारावी झाल्यावर शिवकन्याला परभणीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. डब्याचं झाकण उघडून बघितलं, पुन्हा लावलं. “मावशी, आता मूठ तुमी सांभाळा. अन् रविवारच्या वेचणीला पोरींना दम देत जा, तुमचं ऐकत्यात.”

“माझं कोण ऐकतंय? गिरणी चालू असते,” मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि ते दाखवायचं नव्हतं. म्हणून उगीचच तिच्यावर खेकसले, “तिकडे राहणार कुठे, खाणार काय? काडीसारखी तर आहेस.”

“खोली बघितलीय. तिघी मिळून राहणार. बघू, कायतरी करून खाऊ. न्हाई तर पाव हायच.”

काजल ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होती. तिने मान वर केली. “ताई, तिकडं तुमचा वार कुणाकडं हाय?”

गावातल्या एकेका लेकराचं रात्रीचं ताट जिला तोंडपाठ, तिच्या स्वतःच्या ताटाचा विचार आमच्यापैकी एकानेही केला नव्हता. शिवकन्या हसली, “माझं काय गं, मी मोठी हाय आता,” म्हणाली आणि ओढणीशी चाळा करत राहिली.

परभणीला माझी चुलत बहीण असते. एरवी सणासुदीशिवाय मी तिला फोन करत नाही, कुणाकडे शब्द टाकायचा म्हटलं की माझी जीभच उचलत नाही. मी गिरणी बंद केली आणि फोन लावला.

“मी मागायला फोन नाही केला,” मी म्हणाले, “सांगायला केलाय.”

“अगं माय! काय झालं? कोण गेलं?” बहीण घाबरली.

“कुणी गेलं नाही. आमची एक लेक शिकायला तुझ्या गावी यायलीय. तिच्या जेवणाला तुझा वार कोणता धरू?”

ती म्हणाली, “रविवार धर. अन् शेजारणीला विचारून बुधवारचंही सांगते.” मी “बरं” म्हणून फोन ठेवायला गेले. शिवकन्या तोंड फिरवून उभी होती, तिचे खांदे हलत होते. तेवढ्यात माझ्या कानाशी, गिरणी बंद असूनही गिरणीवर चढवलेल्या आवाजात, काजल ओरडली,

“मावशी, वेळ इचारा! आधी वेळ इचारा!”