थर्मोकोलची पृथ्वी

गिरणी बंद झाली तरी बाबा शिफ्टच्या वेळेला घरातून निघायचे. ते तिथं फिटर होते. भोंगा गेला, पगार गेला, पण आई सवयीनं डबा भरायची आणि बाबा तो घेऊन चाळीच्या फाटकापर्यंत जायचे. फाटकाशी एक जुना नीम होता. त्याच्या सावलीत बसायचं, तिथंच डबा खायचा, शिफ्ट सुटायच्या वेळेला घरी परतायचं. घरात बसून छताकडे बघत राहिलो तर डोकं फिरेल, म्हणायचे. चाळीत कितीकांची फिरलीही होती. त्या झाडानंच आमच्या बाबांना धड ठेवलं होतं.

आमच्या इंदूरला अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात. गिरणी मेली तर मेली, झाँकी मरता कामा नये, अशी सगळ्यांची जिद्द. पूर्वी खर्च गिरणी द्यायची, आता चंदा मागत दारोदार फिरायचं. त्या वर्षीचा विषय झाँकी समितीच्या सेक्रेटरींनी सुचवला, 'धरती माता की पुकार'. म्हणाले, "भिया, आजकल पर्यावरण भोत चल रिया है." बाजारात नवीन छापाचं लुगडं आल्यासारखं बोलले.

चंदा दिला एका कोल्ड्रिंकच्या एजन्सीनं. तेव्हा बाजार खुला झाला होता आणि गल्लोगल्ली रंगीत पाणी मिळू लागलं होतं. अट एकच, त्यांची बाटली लांबून दिसली पाहिजे. म्हणून आमच्या पृथ्वीच्या उत्तर ध्रुवावर पुरुषभर उंचीची बाटली उभी राहिली.

पृथ्वी बाबांनी बनवली. बांबूचा सांगाडा, वर थर्मोकोल, आत मोटर. अर्धी हिरवीगार, अर्धी जळकी, आणि गोल गोल फिरणारी. मधे दोन डोळे, त्यांतून पंपानं आसवं गळायची. चाळीत नळ दिवसाआड यायचा, बायका बादल्यांवरून भांडायच्या. पण पृथ्वी रडलीच पाहिजे ना! तिच्यासाठी टँकर मागवला. कित्येक महिन्यांनी बाबांच्या हाताला ग्रीस लागलं होतं. जेवताना ते धुवायलासुद्धा तयार नसायचे.

ट्रॉलीवर पृथ्वी चढवली आणि घोटाळा लक्षात आला. नीमची फांदी आडवी येत होती.

"बाटली काढू," बाबा म्हणाले. "पृथ्वी आरामात निघते."

"बोतल नी निकलेगी भिया. चंदा उनका है," सेक्रेटरी म्हणाले.

"मग पृथ्वी थोडी लहान करतो."

"और वो दूसरी मिल वाले? उनका हाथी देखा क्या? अपनी नाक कट जाएगी."

म्हणजे बाटली हलणार नाही, पृथ्वी हलणार नाही, हत्तीपुढे नाक कापलं जाणार नाही. राहिला कोण? आधी एकच फांदी छाटायची ठरली. मग ट्रॉली वळेना म्हणून दुसरी. मग कुणीतरी म्हणालं, आता हा नुसता बुंध्याचा ठूँठ ठेवून काय करायचंय?

आई फाटकापर्यंत धावत गेली. "अहो, तुम्ही बसणार कुठे?"

बाबांनी तिच्याकडे बघितलंच नाही. "झाँकी निघाली पाहिजे," एवढंच म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला. अजून येतो.

नीमचा पाला फुकट कशाला घालवा, म्हणून तो पृथ्वीच्या हिरव्या अर्ध्या भागावर टाचला. झाँकीत एक दुष्ट लाकूडतोड्या हवा होता, त्याच्या हातात तीच कुऱ्हाड दिली. जनरेटर धूर ओकायला लागला, ढोल वाजले, धरती माता ढसाढसा रडत निघाली. राजवाड्यापर्यंत पोचता पोचता पाला सुकला आणि पृथ्वीच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसायला लागल्या. लोकांना वाटलं, वा, काय कल्पना आहे! पर्यावरणाचा संदेश दिला म्हणून आम्हाला शील्ड मिळाली.

बाटली एजन्सीवाले दुसऱ्याच दिवशी जपून घेऊन गेले. पृथ्वी कुणालाच नको होती. ती फाटकाशी भिंतीला टेकवून ठेवली.

उन्हाळा आला. बाबा डबा घेऊन निघाले, आणि फाटकाशी सावली म्हणून काय ती त्या पृथ्वीचीच होती. तिच्यामागे स्टूल टाकून बसायचे. ऊन फिरलं की स्टूल उचलून तेही फिरायचे. आई दर दुपारी बोलवायला जायची.

"चला ना घरात. काय हे वेड्यासारखं!"

"अगं, आहे की थोडी सावली," ते म्हणायचे. कपाळावरून घामाच्या धारा लागलेल्या असायच्या.

त्याच मे महिन्यात बाबांना उन्हाची लू लागली. ते अंथरुणावर पडले ते उठलेच नाहीत. त्यांना फाटकातून नेलं तेव्हा वर काहीच आडवं येत नव्हतं.

पृथ्वी मात्र परवा बघितली तेव्हाही तिथंच होती. रंग उडालाय, एका डोळ्याला भोक पडलंय, पण बाकी ठणठणीत. थर्मोकोलची आहे, तिला काय होतंय!